काकांचं शतक ९८.७ वर का अडकलं?

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल घेतली, आणि निवृत्तीनंतर घेतलेल्या वस्तू जशा शिस्तीत वापरल्या जातात तशीच ती वापरतात. चेनला तेल महिन्यातून दोनदा, टायरमध्ये हवा दर शनिवारी, आणि प्रत्येक राइडची नोंद डायरीत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा शंभर किलोमीटर करायचं ठरवलं. कोथरूडहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी गाव आणि त्याच रस्त्याने परत. आम्ही चौघं गेलो, आलो, वाटेत पोहे-चहा झाला. सोसायटीच्या गेटशी काकांनी हँडलवरचा कॉम्प्युटर बंद करायला बोट लावलं तर स्क्रीनवर ९८.७.

बाकी तिघांचे आकडे शंभराच्या वर होते. रस्ता एकच, निघालो एकत्र, परतलोही एकत्र. काकांना शतक हुकल्याचं फारसं वाटलं नाही, हिशेब जुळत नाही याचं वाटलं. पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश टॅली केल्याशिवाय घरी न गेलेला माणूस तो. त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, "अरे, माझे दोन किलोमीटर कुठे गेले ते शोधून दे."

पुढचे तीन आठवडे आम्ही ते शोधत होतो. यंत्र कुठल्या कंपनीचं होतं ते सांगत नाही, कारण खोट यंत्रात निघालीच नाही. तीनेक वर्षं वापरलेला, मधल्या किमतीचा, बाजारात सर्रास मिळतो तसा जीपीएस सायकल कॉम्प्युटर एवढं पुरे.

तक्रार नेमकी काय होती

काकांचं म्हणणं असं की, "सिग्नल लागायला वेळ लागतो." किती वेळ, असं विचारलं तर "बराच". बँकेतला माणूस असूनही आकडा नव्हता. मग आम्ही त्यांच्या जुन्या राइड्स नकाशावर उघडून बसलो. ताम्हिणीच्या राइडची रेघ त्यांच्या इमारतीपासून सुरू व्हायला हवी होती. ती सुरू होत होती पौड रोडवर वनाज ओलांडून बऱ्याच पुढे. त्याआधीची साडेसहा मिनिटं घड्याळात होती, नकाशावर नव्हती. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसने साडेसहा मिनिटं म्हणजे सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. ९८.७ मध्ये ते मिळवले की शंभर पार होतं. म्हणजे पैसे कुठे गेले ते कळलं, का गेले ते कळलं नव्हतं.

चाकाला किंवा हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, बसवायचा स्पीड सेन्सर काकांकडे नव्हता. तो असता तर उपग्रह असोत-नसोत, चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर धरलं गेलं असतं आणि हा सगळा प्रकार कोणाच्या लक्षातही आला नसता. नव्हता हे बरंच झालं म्हणायचं.

ग्रुपमध्ये उपायांचा पाऊस पडला. एकाने फॅक्टरी रिसेट मारायला सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की जानेवारीत धुकं असतं, ढग असतात, त्यामुळे होतं. तिसऱ्याला २०१९ सालचा जीपीएसच्या आठवड्यांचा घोळ आठवला. चौथ्याने थेट नवीन यंत्राची लिंक पाठवली.

ढगांचं आधी निकालात काढतो, कारण हा समज पक्का बसलेला आहे. पावसात घरचा डीटीएच टीव्ही जातो, म्हणून लोकांना वाटतं सगळ्या उपग्रहांचं तसंच. डीटीएचचे तरंग बारा गिगाहर्ट्झच्या आसपासचे. पावसाचे थेंब ते पितात. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. एवढ्या लांब तरंगांना ढग किंवा पाऊस म्हणजे जवळपास काहीच नाही. ओली पानं मात्र त्यांना अडवतात, आणि माणसाचं शरीरही. जर्सीच्या मागच्या खिशात ठेवलेलं यंत्र म्हणून रडतं.

आठवड्यांचा घोळ खरा आहे. जीपीएस आठवडे मोजायला १० बिट वापरतं, १०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये ती आली. ज्या जुन्या यंत्रांना हे सांभाळायची अक्कल दिलेली नव्हती ती तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवू लागली. पण काकांच्या यंत्रावर तारीख बरोबर होती. तो विषय तिथेच संपला.

फॅक्टरी रिसेटबद्दल पुढे बोलतो. काकांनी तो माझ्याकडे येण्याआधीच दोनदा मारला होता.

तोच कोपरा, दर रविवारी

जुन्या आठ-नऊ राइड्स एकावर एक ठेवल्यावर मजेशीर गोष्ट दिसली. काकांच्या रेघा दर वेळी जवळजवळ एकाच ठिकाणी जन्म घेत होत्या. हळू निघालेले असोत की जोरात, रेघ वनाजच्या पुढेच उमटायची. यंत्राला ठरावीक वेळ लागत असता तर वेगाप्रमाणे जागा बदलली असती. इथे वेळ बदलत होता, जागा तीच राहत होती. म्हणजे रस्त्यात काहीतरी होतं.

पौड रोडवर राहणाऱ्याला ते सांगायची गरज नाही. वनाज ते गरवारे मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली तेव्हापासून, खरं तर खांब उभे राहिले तेव्हापासून, आयडियल कॉलनी, आनंदनगर, वनाज या पट्ट्यात डोक्यावर काँक्रीटचा पूल आहे. काका पश्चिमेकडे जातात, डाव्या कडेने. उजवीकडे वर पूल, डावीकडे पाच-सात मजली इमारती, मधून आभाळाची एक पट्टी दिसते. ती पट्टीही मधूनमधून झाडांनी झाकलेली. मेट्रोचा पूल डोक्यावरून सरला की आभाळ उघडतं, आणि तिथेच काकांची रेघ सुरू होते.

इथे मी घाई करून निष्कर्ष काढला असता तर चुकलो असतो. कारण मीही त्याच रस्त्याने जातो, माझ्या रेघा घरापासून सुरू होतात. आणि काकांच्याच परतीच्या रेघा त्याच पुलाखालून व्यवस्थित घरापर्यंत येत होत्या. थोड्या वाकड्या, मधेच समोरच्या फुटपाथवर चढणाऱ्या, पण अखंड. जाताना जे यंत्र पुलाखाली आंधळं, तेच परतताना डोळस कसं?

पंचांग आणि आजचं टाचण

याचं उत्तर उपग्रह नेमकं काय पाठवतो आणि किती सावकाश पाठवतो त्यात आहे.

जीपीएसचे तीसेक उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात, दिवसाला साधारण दोन फेऱ्या. जागा काढायला किमान चार लागतात. त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत येतो तेव्हा इतका क्षीण असतो की एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी करा, त्यातला एखाद-दुसरा तुकडा आपल्या वाट्याला. डबीएवढ्या यंत्रातला नखाएवढा अँटेना तो पकडतो हेच नवल.

पण नुसता सिग्नल पकडून भागत नाही. जागा काढायची तर उपग्रह या क्षणी नेमका कुठे आहे हे यंत्राला माहीत हवं. ती माहिती उपग्रह स्वतःच सांगत असतो, दोन प्रतींत. एक ढोबळ, अल्मनॅक, म्हणजे सरळ आपलं पंचांगच: कुठला उपग्रह साधारण कधी उगवेल, कधी मावळेल. हे सगळ्या उपग्रहांचं असतं आणि महिनोन् महिने चालतं. दुसरी बारीक, इफेमेरिस, म्हणजे त्या एका उपग्रहाचं आजचं, आत्ताचं टाचण. जागा याच्यावरून निघते. आणि ते साधारण चार तास चालतं, मग शिळं होतं.

आता वेग बघा. उपग्रह हे सगळं सेकंदाला ५० बिट या गतीने सांगतो. मेगाबिट, किलोबिट नव्हे, पन्नास बिट. १९७० च्या दशकात ठरलेली ही गती आजही तीच आहे. पूर्ण पान १५०० बिटांचं, म्हणजे ३० सेकंदांचं. त्यातले पहिले १८ सेकंद इफेमेरिसचे. पंचांग तर अशा २५ पानांत वाटलेलं असतं, ते पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं. चिप कितीही महाग घ्या, बोलणाराच इतका संथ आहे की ऐकणाऱ्याला घाई करता येत नाही.

गोम पुढे आहे. हे अठरा सेकंद सलग मिळायला हवेत. मधे झाड आलं, खांब आला, काही बिट गळले, की त्या उपग्रहाच्या पुढच्या पानापर्यंत थांबा आणि गळलेला भाग पुन्हा ऐका. असं किमान चार उपग्रहांबाबत. ताशी वीसने जाणारा माणूस अठरा सेकंदांत शंभर मीटर जातो. पौड रोडवर पुलाच्या बाजूने शंभर मीटर सलग आभाळ कुठे आहे?

आणि परतीच्या प्रवासात हाच माणूस, हाच पूल, तरी अडचण नाही, कारण टाचण मुळशीच्या उघड्या आभाळाखाली आधीच उतरवून झालेलं असतं. उपग्रह कुठे आहे ते ठाऊक असेल तर यंत्राला फक्त त्याची वेळेची खूण पकडायची असते. त्यासाठी बराच क्षीण आणि तुटक सिग्नलही पुरतो. ओळखीच्या माणसाचा आवाज बाजाराच्या गोंगाटात कळतो. अनोळखी माणसाकडून त्याच गोंगाटात फोन नंबर उतरवून घ्यायचा म्हटलं तर मात्र तो तीन वेळा विचारावा लागतो.

म्हणून बंद-चालू करण्याच्या तीन तऱ्हा मानतात. टाचण ताजं असेल तर एक-दोन सेकंदांत जागा लागते. पंचांग आणि वेळ आहे पण टाचण शिळं असेल तर उघड्यावर अर्धा मिनिट. काहीच नसेल तर आधी आभाळभर शोधाशोध आणि मग टाचण, उघड्यावर तरी अर्धा ते एक मिनिट, आणि इमारतींमध्ये किती ते देव जाणे. फॅक्टरी रिसेट यंत्राला या तिसऱ्या अवस्थेत ढकलतो. काका दोनदा औषध म्हणून विष पाजून मोकळे झाले होते.

फसलेला प्रयोग

एवढं कळल्यावरही पहिला प्रयोग आम्ही मूर्खासारखा केला. सांगतो, कारण सिग्नलवर उपाय शोधणारे बहुतेक लोक इथेच फसत असावेत.

काकांचा कॉम्प्युटर स्टेमवर, म्हणजे हँडलला धरणाऱ्या मधल्या दांडीवर, दोन रबरांनी बांधलेला होता. त्याच्या पुढे हँडलबारची बॅग, बॅगेच्या वरच्या खिशात मोबाइल. मला वाटलं बॅगेचा फ्लॅप आणि मोबाइल मिळून आडोसा करत असणार. एका संध्याकाळी सोसायटीच्या आवारात यंत्र चालू केलं. साडेतीन मिनिटांनी लागलं. बंद केलं. माझ्याकडचा पुढे काढलेला माउंट लावला, यंत्र हँडलच्या पुढे, आभाळाकडे तोंड करून. चालू केलं. तीन सेकंद!

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, चहा पाजला, माउंटचे पैसे तिथेच दिले. रविवारी रेघ पुन्हा वनाजच्या पुढे.

काय झालं होतं ते आता उघड आहे. दुसऱ्या वेळी यंत्राकडे दहा मिनिटांपूर्वीचं टाचण ताजं होतं. माउंट बदलला नसता, यंत्र उलटं टांगलं असतं, त्यावर अंगारा लावला असता, तरी तीन सेकंदांतच लागलं असतं. रिसेट मारून, नवं फर्मवेअर (यंत्राचा आतला प्रोग्रॅम) टाकून, यंत्राचं कव्हर पुसून "बघ, आता झटक्यात लागतंय" म्हणणाऱ्यांच्या निम्म्या तरी कथा अशाच असणार. दोन चाचण्यांत चार तासांहून जास्त अंतर नसेल तर दुसरी चाचणी काहीच सांगत नाही.

यानंतर आम्ही नियम केला: दिवसाला एकच चाचणी, एका वेळी एकच बदल, आणि वेळ डायरीत. डायरी अर्थातच काकांची.

गच्चीवर

बुधवारी रात्री आम्ही यंत्र घेऊन गच्चीवर गेलो. सायकल नाही, बॅग नाही, पाण्याच्या टाकीपासून लांब, कठड्यावर यंत्र ठेवलं आणि उपग्रहांचं पान उघडलं. हे पान बहुतेक यंत्रांत असतं आणि फारसं कोणी बघत नाही. छोट्या उभ्या पट्ट्या असतात, एकेक उपग्रहाची एकेक. आधी रिकाम्या चौकटी येतात. मग एखादी राखाडी होते, म्हणजे आवाज ऐकू आला, मजकूर अजून नाही. मग ती भरीव होते, म्हणजे टाचण उतरलं. गच्चीवर पंचवीसेक सेकंदांत सात राखाडी दिसल्या, आणि मग एकापाठोपाठ भरीव होत गेल्या. बेचाळीस सेकंदांनी जागा लागली. काका पट्ट्यांकडे बघतच राहिले. तीन वर्षं यंत्र वापरून हे पान त्यांनी उघडलं नव्हतं.

गुरुवारी तोच प्रकार पार्किंगच्या दाराशी, यंत्र स्थिर ठेवून. चार राखाडी, पाच राखाडी, एक भरीव, पुन्हा राखाडी. वॉचमन येऊन विचारून गेला काय शोधताय. चार मिनिटांनी लागलं.

म्हणजे अँटेना ठीक, यंत्र ठीक. उघड्यावर ते पुस्तकात लिहिल्यासारखं वागत होतं. बेचाळीस सेकंदच दाखवून देत होते की ते दर वेळी टाचण आभाळातून उतरवून घेतंय. आणि आजच्या जमान्यात त्याला तसं करायची गरजच पडायला नको होती. इथे काकांच्या मुलाचा टोमणा कामी आला. तो म्हणाला, "बाबा, माझ्या मोबाइलला दोन सेकंदांत लागतं." बरोबर आहे. मोबाइल टाचण उपग्रहाकडून ऐकत बसत नाही, इंटरनेटवरून घेतो, आणि टॉवर व वायफायवरून आपण साधारण कुठे आहोत तेही त्याला आधीच कळलेलं असतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही हे खरं, पण इंटरनेट असलं की ऐकायचं काम वाचतं हेही तितकंच खरं.

सायकल कॉम्प्युटरला तीच सोय फाइलच्या रूपात दिलेली असते. पुढच्या काही दिवसांत कुठला उपग्रह कुठे असेल याचं आधी मांडलेलं गणित, एका फोटोहूनही लहान फाइल. कोणी तिला ए-जीपीएस म्हणतं, कोणी असिस्टेड डेटा, कोणी आणखी काही. यंत्र ब्लूटूथने फोनच्या अ‍ॅपला, किंवा स्वतः वायफायला जोडलं गेलं की ती गुपचूप उतरते. बहुतेकांची सात दिवस चालते, काहींची चौदापर्यंत. संपली की यंत्र काही बोलत नाही. ते निमूटपणे जुन्या पद्धतीवर येतं आणि आपण म्हणतो हल्ली सिग्नल उशिरा लागतो.

काकांच्या यंत्रात सिस्टिमच्या पानावर या फाइलची स्थिती लिहून येत होती. आम्ही बघितलं. एक्सपायर्ड.

फोन बदलल्याची किंमत

मग उलट तपासणी. काकांनी दिवाळीत फोन बदलला होता. मुलाने नव्या फोनवर अ‍ॅप टाकून, लॉगिन करून दिलं होतं. अ‍ॅप उघडत होतं, जुन्या राइड्स दिसत होत्या, म्हणून सगळ्यांना वाटलं जोडलेलं आहे. प्रत्यक्षात यंत्राची जोडी अजून जुन्या फोनशी होती, आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. हे लक्षात न यायचं कारण काकांची शिस्त. ते राइड झाली की यंत्र केबलने लॅपटॉपला लावतात, फाइल स्वतः फोल्डरमधून काढतात, तारखेचं नाव देऊन साठवतात आणि मग अपलोड करतात. ब्लूटूथची त्यांना कधी गरजच पडली नाही. कंपनीचा डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम वापरला असता तर त्यानेही फाइल भरली असती, पण काकांचा हाताने केलेल्या कामावर जास्त विश्वास.

यंत्रातली जुनी जोडी पुसली, नव्या फोनशी जोडलं. पहिल्या दिवशी फाइल आली. चार दिवसांनी बघितलं तर पुन्हा संबंध तुटलेला. फोनच्या बॅटरी सेव्हरने अ‍ॅपला झोपवलं होतं. त्या अ‍ॅपपुरता बॅटरीचा निर्बंध काढला, लोकेशनची परवानगी दिली, आणि तरीही खात्रीसाठी काकांच्या शनिवारच्या यादीत एक ओळ वाढवली: हवा भरून झाली की अ‍ॅप उघडून सिंक करणे, फाइलची स्थिती बघणे.

आणखी एक सापडलं. राइडनंतर काका यंत्र बंद न करता ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि शनिवारी रात्री चार्जिंगला लावायचे. मधल्या दिवसांत ते कधीतरी पूर्ण मरून जायचं. बॅटरी पार संपली की काही यंत्रांचं घड्याळही जातं. आणि आत्ता किती वाजलेत हे माहीत नसेल तर फाइल असून उपयोग नाही, कारण उपग्रह कुठे आहे हे "कधी" कळल्याशिवाय काढता येत नाही. काकांच्या यंत्रात हे होत होतं की नाही ते आम्ही वेगळं करून तपासलं नाही. बंद करून ठेवायची सवय लावली, बस्स.

उपग्रहांच्या सेटिंगमध्ये फक्त जीपीएस निवडलेलं होतं. कोणीतरी बीआरएमसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडसाठी, बॅटरी वाचवायला सांगितलेलं, काकांनी ते कायमचं धरलं. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. काकांच्या रविवारच्या राइड्स फार तर सहा तासांच्या. त्यांना बॅटरीची कंजुषी करायचं कारण नव्हतं. रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, यंत्र जे देईल ते चालू केलं. आभाळाची पट्टी अरुंद असली तर त्या पट्टीत जितके जास्त उपग्रह सापडतील तितकं बरं, हा साधा हिशेब आहे. आपली नाविक, म्हणजे भारताची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा, त्या यादीत नव्हती. पहिल्या पिढीचे नाविक उपग्रह वेगळ्याच रेडिओ पट्ट्यांवर बोलतात आणि बहुतेक सायकल कॉम्प्युटर त्या ऐकतच नाहीत. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून जीपीएसच्याच मुख्य सिग्नलच्या, म्हणजे एल-१, पट्टीवर नाविक यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा पुढेमागे यादीत दिसेल.

पुढे काढलेला माउंट तसाच ठेवला. त्याने सिग्नलला काही केलं की नाही सांगता येत नाही. स्क्रीन मात्र काकांना चष्म्याशिवाय दिसायला लागली.

शेवटची सवय

ताजी फाइल, चालू घड्याळ, जास्त उपग्रह. पुढच्या चाचणीत गच्चीवर नऊ सेकंद, पार्किंगच्या दाराशी बावीस. काम झालं असं वाटलं. तरी त्या रविवारी रेघ आनंदनगरपाशी सुरू झाली. सुधारणा होती, पण घरापासून नव्हती.

मी आदल्या रात्रीपासून काय काय करता ते विचारलं. शेवटी सहाला दहा मिनिटं कमी असताना स्वतः जाऊन उभा राहिलो. काका तळघरातल्या पार्किंगमध्ये आले, सायकलला यंत्र लावलं, तिथेच चालू केलं, तिथेच स्टार्टचं बटण दाबलं, आणि दिवे लावून रॅम्पवरून थेट रस्त्यावर. यंत्राने तळघरात काही वेळ शोधलं, काही मिळालं नाही. वर आल्यावर बावीस सेकंद हवे होते तर काका तोवर पुलापाशी पोहोचले होते आणि बाविसाचे दोनशे झाले. यंत्र "उपग्रह शोधतोय" असं सांगत होतं, काका ते वाचत होते, पण पाय थांबत नव्हते. त्यांचं म्हणणं, "लागेल की जाता जाता."

जाता जाताच लागत नाही, हे त्यांना गेटबाहेर उभं राहून दाखवावं लागलं. त्यांच्या गेटसमोर शाळेचं मैदान आहे. तिथल्या कुंपणाशी थांबलो. अकरा सेकंद. एकदा लागल्यावर आम्ही मुद्दाम पुलाच्या अगदी कडेने गेलो, सिग्नल टिकला.

काकांनी यात स्वतःची एक भर घातली, आणि ती माझ्या सगळ्या उपायांपेक्षा सरस आहे. ते पहाटे उठल्यावर यंत्र चालू करून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत, मातीवर आडवं ठेवतात आणि चहा पितात. गॅलरीतून अर्धंच आभाळ दिसतं. जागा लागायला तेवढं पुरतंच असं नाही. पण जे उपग्रह दिसतात त्यांची टाचणं उतरतात आणि घड्याळ जुळतं. मग यंत्र लिफ्टमधून खाली, तळघरात, काही का होईना, पुढचे काही तास ती टाचणं चालतात. वर आल्यावर यंत्र ओळखीच्या आवाजांनाच शोधतं. काकू म्हणाल्या, "यांनी आता तुळशीला मीटर बसवलंय."

फेब्रुवारीत पुन्हा ताम्हिणी केली. रेघ गेटपासून गेटपर्यंत आली, आकडा १००.९. मी म्हटलं, काका, आता मागची राइडही दुरुस्त करून टाकू, नकाशावर सुरुवात हाताने जोडता येते. त्यांनी डायरी उघडून दाखवली. जानेवारीच्या नोंदीसमोर ९८.७ तसंच होतं, खोडलेलं नव्हतं. शेजारी लाल पेनाने लिहिलं होतं: फरक २.२, कारण सापडलं, नोंद कायम.